वाचक विचारतात: हा मेल खरा की बनावट?

फसव्या मेलविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. संकेतस्थळांचे पत्ते देवनागरीत छापले आहेत. ते रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता टाइप करावेत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. जुलैमध्ये विवरणपत्र भरले. काल मेल आला: ‘तुमचा १८,२४० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे. २४ तासांत खाते पडताळून घ्या, अन्यथा रक्कम सरकारजमा होईल.’ खाली निळे बटण आहे. परतावा तर मला खरोखरच यायचा आहे. बटण दाबू का? — सातारा

उत्तर: दाबू नका. प्राप्तिकराच्या परताव्यात ‘येऊन मागून घ्या’ अशी पायरीच नसते, एवढ्यावरून हा मेल बनावट ठरतो. विवरणपत्र भरून तुम्ही ई-पडताळणी केली की ते बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात तपासले जाते, कलम १४३(१) खालची सूचना निघते आणि तुम्ही पोर्टलवर आधीच वैध करून ठेवलेल्या बँक खात्यात रक्कम जमा होते. खात्याच्या तपशिलात चूक असेल तर रक्कम खात्यात पोहोचत नाही, पण ती बुडतही नाही. पोर्टलवर लॉग-इन करून ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाकायची. या सगळ्यात कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही किंवा एटीएमचा पिन कुठेही लागत नाही.

‘परतावा खरोखरच यायचा आहे’ हे तुमचे वाक्य महत्त्वाचे आहे. पाठवणाऱ्याला ते माहीत नव्हते. हंगामात तोच मेल लाखो पत्त्यांवर जातो आणि त्यांतले अनेक जण परताव्याची वाट पाहत असतातच. ज्याला पैसे यायचे नाहीत तो मेल पुसून टाकतो. ज्याला यायचे आहेत त्याला वाटते, हा आपल्यालाच लिहिला आहे.

आता खातरजमा. मेल बंद करा. ब्राउझरमध्ये स्वतःच्या हाताने इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन टाइप करा, लॉग-इन करा, ‘ई-फाइल’मध्ये ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’ आणि तिथे ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’ पाहा. परतावा कुठवर आला ते तिथे कळेल.

एक उलट सावधगिरीही हवी. घाबरून विभागाचे सगळेच मेल पुसू नका. विवरणपत्रात दुरुस्ती सुचवणारी खरी सूचनाही मेलनेच येते आणि तिला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे ‘डिन’, असतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर ‘ऑथेंटिकेट नोटीस/ऑर्डर’ ही सोय आहे. लॉग-इन न करताही तिथे तो क्रमांक तपासता येतो. बनावट मेल वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर पाठवून द्या आणि मग पुसा.

प्रश्न: पाठवणाऱ्याच्या जागी माझ्याच बँकेचे नाव, बोधचिन्ह तेच, भाषेत एकही चूक नाही. पूर्वी चुकांवरून कळायचे. आता ओळखायचे कशावरून? — चिंचवड

उत्तर: चुकांवरून ओळखण्याचे दिवस गेले, हे खरे. आता कोणीही यंत्राकडून शुद्ध मराठी मजकूर दोन मिनिटांत लिहून घेतो. त्यामुळे मजकूर बाजूला ठेवा आणि पत्ता वाचायला शिका.

मेलमध्ये ठळक दिसणारे नाव पाठवणारा स्वतः लिहितो. तिथे काहीही लिहिता येते. फोनवरच्या जीमेलमध्ये तर बहुधा तेवढेच दिसते. नावाखालच्या ‘टू मी’ला स्पर्श केला की खरा पत्ता उघडतो. त्यातला ॲट या चिन्हानंतरचा भाग पाहायचा.

लिंकचा पत्ता वाचण्याची रीत अशी: सुरुवातीच्या एचटीटीपीएस आणि दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यापुढे जी पहिली एकटी तिरपी रेघ येईल तिथे थांबा आणि तिथून मागे, डावीकडे वाचा. समजा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट परतावाकक्ष डॉट कॉम’ असा आहे. शेवटून वाचले तर ही जागा ‘परतावाकक्ष डॉट कॉम’ विकत घेणाऱ्याची. त्याच्या डावीकडे त्याने सरकारी नाव जोडले, इतकेच. दारावर पाटी कोणतीही लावा, सातबारा ज्याच्या नावावर तोच मालक. फोनवर लिंक उघडू नका, बोट दाबून धरा. पूर्ण पत्ता दिसतो. संगणकावर माउस नुसता वर न्या, डावीकडे खाली पत्ता उमटतो. मेलमध्ये क्यूआर कोड टाकण्याचे कारणही हेच, की पत्ता डोळ्यांना दिसू नये.

अक्षरेही फसवतात. रोमन ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की बारीक टाइपात ‘एम’ दिसतो. ‘एल’च्या जागी १ आणि ‘ओ’च्या जागी ० बसवतात.

रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हा शेवट फक्त बँकांना मिळतो आणि त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच करते. तेव्हा तुमच्या बँकेचा नवा पत्ता एकदा पासबुकावरून किंवा शाखेतून नीट पाहून ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा. शेवट ‘बँक डॉट इन’ हाच हवा. ‘बँक-इन डॉट कॉम’ ही वेगळी गोष्ट.

पत्त्यापुढच्या कुलपावर मात्र भरवसा नको. कुलूप म्हणजे तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधली वाट बंदिस्त आहे, एवढेच. पलीकडे कोण बसले आहे ते कुलूप सांगत नाही, आणि असे प्रमाणपत्र चोरालाही फुकट मिळते. तसेच जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’चे: संगणकावर तीन टिंबांच्या यादीतून ते उघडले की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा, पाठवणाऱ्याचा पत्ता खरा का हे तपासणाऱ्या, तीन ओळी दिसतात. बँकेच्या नावाच्या मेलवर डीमार्कपुढे ‘फेल’ असेल तर मेल फेकून द्या. पण ‘पास’चा अर्थ मेल त्या पत्त्यावरूनच निघाला, इतकाच. चोराने स्वतःचा पत्ता विकत घेतला असेल तर तोही पास होतो. चांगले जाणकारही इथे घसरतात.

एवढे सगळे दरवेळी तपासणे कोणाला जमणार? म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: पैसे, पासवर्ड किंवा ओळखपत्राचा विषय असेल तर मेल खरा वाटला तरी त्यातल्या लिंकवरून जाऊच नका. बुकमार्कवरून किंवा बँकेच्या ॲपमधून जा. खरा निरोप असेल तर तो तिथेही दिसेल.

प्रश्न: मुलाने जीपी रेटिंगचा (जहाजावरील सर्वसाधारण खलाशाचा) कोर्स केला आहे. एका परदेशी क्रूझ कंपनीच्या नावाने थेट नेमणूकपत्र आले. पगार डॉलरमध्ये. व्हिसा, मेडिकल आणि ‘फाइल चार्ज’ मिळून ४८,००० रुपये तीन दिवसांत भरायला सांगितले आहेत. आमच्याकडे बोटीवर जाण्याची परंपरा आहे, पण अशी मागणी आम्ही प्रथमच पाहतो. — रत्नागिरी जिल्हा

उत्तर: पैसे भरू नका. तुमची शंका रास्त आहे. भारतातून खलाशी भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएस (खलाशी भरतीचा) परवाना असावा लागतो, आणि २०१६ च्या भरतीविषयक नियमांनुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. सागरी कामगारांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात याहून नेमके लिहिले आहे: पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) आणि कायद्याने लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च खलाशाकडे, पण व्हिसाचा खर्च जहाजमालकाकडे. म्हणजे ‘व्हिसासाठी पैसे भरा’ ही ओळच या पत्राची लबाडी उघडी पाडते. मुलाच्या वाट्याचे खर्चही पासपोर्ट कार्यालयात किंवा मान्यताप्राप्त डॉक्टरकडे थेट होतात, एजंटाच्या यूपीआयवर नाही.

परवाना क्रमांक पत्रावर छापलेला असेल तर त्यावर विसंबू नका. खऱ्या संस्थेचा क्रमांक उचलून छापणे सोपे आहे. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे. तिथला दूरध्वनी क्रमांक घ्या, पत्रावरचा नाही, आणि विचारा: या नावाने, या तारखेला नेमणूकपत्र तुम्ही दिले आहे का? मुलाखतीशिवाय नेमणूक, जीमेलसारख्या फुकट पत्त्यावरून आलेले पत्र, व्यक्तीच्या नावाचे खाते, यांतली एकही गोष्ट दिसली तरी पुढे जाऊ नये.

मुलाने पासपोर्ट आणि सीडीसीच्या प्रती आधीच पाठवल्या असतील तर त्या परत येणार नाहीत. यापुढे मात्र प्रत देताना तिच्यावर आडवे लिहा: कोणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. गोव्यातील आणि कोकणातील पालकांनी हे मुलांना कोर्सच्या पहिल्या महिन्यातच शिकवावे. जमिनीवरच्या परदेशी नोकरीसाठी नियम वेगळे आहेत: तिथे एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा आणि त्याचे सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त असू शकत नाही, तेही पावतीसह.

प्रश्न: आम्ही द्राक्षे निर्यात करतो. रॉटरडॅमच्या नेहमीच्या ग्राहकाला आमच्याच मेलवरून बिल गेले, पण त्यात खाते भलतेच होते. ‘ऑडिटमुळे जुने खाते बंद आहे’ असे लिहिले होते. त्याने पैसे भरले. आम्ही असा मेल पाठवलेलाच नाही. — नाशिक जिल्हा

उत्तर: तुमच्या किंवा ग्राहकाच्या मेलपेटीत कोणीतरी आधीच येऊन बसले होते. ही चोरी घाईची नसते. एखाद्या बनावट लॉग-इन पानावर पासवर्ड मिळतो, मग चोर आठवडेच्या आठवडे नुसते वाचत राहतो: कंटेनर कधी सुटला, बिल कधी जाणार, कोण कोणाला कसे संबोधतो. बिलाची वेळ आली की पीडीएफमधली खात्याची ओळ बदलतो. ‘ऑडिटमुळे खाते बंद’ हे कारण ठरलेले आहे. गुगल आणि फेसबुक यांनाही २०१३ ते २०१५ या काळात त्यांच्या खऱ्या पुरवठादाराच्या नावाची बनावट बिले पाठवून एका लिथुआनियन माणसाने १० कोटी डॉलरहून अधिक रकमेला फसवले होते. त्याला २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली.

आता तासांचा हिशेब आहे. ग्राहकाला फोन करा (मेल नव्हे) आणि त्याच्या बँकेकडून स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेने) पैसे परत मागवणारा संदेश लगेच पाठवायला सांगा. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्कम पुढे सरकलेली नसेल तर ती गोठवता येते. त्याने तिकडच्या पोलिसांत आणि तुम्ही इकडे सायबर पोलिसांत तक्रार करा. तुमच्या बँकेलाही लेखी कळवा. मालाचे पैसे न आल्याची नोंद तुमच्या नावावर राहते.

दरम्यान मेलपेटी तपासा. नुसता पासवर्ड बदलून चोर जात नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ ही दोन पाने पाहा. तिथे तुम्ही न केलेला नियम सापडण्याची दाट शक्यता आहे: ‘इनव्हॉइस’ हा शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवा आणि इथून लपवा. तो काढा, मग सर्व उपकरणांवरून लॉग-आउट करा, परवानगी दिलेली अनोळखी ॲप्स काढून टाका, आणि त्यानंतर पासवर्ड बदला. काढण्याआधी प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीत तोच पुरावा.

निर्यातदारांसाठी एक हुकमी खूण आहे. भारतातील बँक खात्यांना आयबान, म्हणजे युरोपात चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नसतो. तुमच्या युरोपातील ग्राहकाला आजच कळवून ठेवा की आमच्या बिलावर आयबान दिसला तर ते खाते भारतातले नाही. खाते बदलल्याची सूचना जुन्या, माहीत असलेल्या फोन क्रमांकावर बोलून पक्की केल्याशिवाय मानायची नाही, ही अट करारातच घाला.

प्रश्न: माझ्याच पत्त्यावरून मला मेल आला. त्यात माझा जुना पासवर्ड बरोबर लिहिला आहे. ‘तुझ्या कॅमेऱ्यातून चित्रीकरण केले आहे, ४८ तासांत बिटकॉइन पाठव’ अशी धमकी आहे. झोप उडाली आहे. — नाव नको

उत्तर: चित्रीकरण वगैरे काही नाही; शांत व्हा. तुमचा जुना पासवर्ड कुठल्या तरी कंपनीच्या डेटा गळतीतून बाहेर पडला. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून फुटलेली यादी आजही हातोहात फिरते. त्या यादीतल्या प्रत्येकाला हाच मेल आपोआप जातो. ‘माझ्याच पत्त्यावरून’ हेही पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव खोटे लिहिण्यासारखेच. उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका. तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर आज बदला. मात्र मेलमध्ये तुमचा खरा फोटो किंवा चित्रफीत जोडलेली असेल तर ही वेगळी केस आहे. काहीही न पुसता सायबर पोलिसांकडे जा.

प्रश्न: वडिलांना सीबीआयच्या नावाने पीडीएफ आली. राजमुद्रा, शिक्का, सही, आणि ‘अश्लील सामग्री पाहिल्याबद्दल २४ तासांत उत्तर द्या, अन्यथा अटक’. — कोल्हापूर

उत्तर: बनावट. तपास यंत्रणा आरोपीला मेलवर खुलासा मागून प्रकरण मिटवत नाहीत. उत्तर दिले की पुढे व्हिडिओ कॉल येतो आणि ‘डिजिटल अटक’ सुरू होते. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. वडिलांना रागावू नका. शरमेपोटी घरात न बोलणे, यावरच हा सापळा चालतो.

प्रश्न: बँकेच्या नावाने आलेल्या मेलवरच्या पानात मी पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही भरले. ९६,००० रुपये गेले. बँक म्हणते चूक तुमची, काही मिळणार नाही. खरे आहे का? — नांदेड

उत्तर: पूर्ण खरे नाही. पण आधी पैसे अडवायचे. ज्या क्षणी कळते त्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकाला फोन करायचा. हाताशी हवे: खाते क्रमांक, रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा यूटीआर किंवा संदर्भ क्रमांक. ही माहिती पैसे जिथे गेले त्या बँकेला कळवली जाते आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर रोखून धरली जाते. चोर ती तासाभरात चार-पाच खात्यांत फोडतो, म्हणून शाखा उघडण्याची वाट पाहू नये. फोननंतर २४ तासांत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर पूर्ण तक्रार भरा आणि पोच क्रमांक जपा. बँकेला वेगळे, लेखी कळवा आणि त्या अर्जावर वेळेसह पोच घ्या.

ही पोच का हवी? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर कळवण्याआधीचे नुकसान त्याचे. पण कळवल्यानंतर जाणारा प्रत्येक रुपया बँकेचा. चूक ग्राहकाची ना बँकेची, मधल्याच कोणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल तर ग्राहकावर काहीच येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला कमाल १०,००० रुपये. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. तेव्हा ‘काही मिळणार नाही’ हे काउंटरवरचे वाक्य लेखी मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मदतीचा क्रमांक १४४४८.

आणखी एक दार फार थोड्यांना माहीत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे ऐकतात. महाराष्ट्रात ते मंत्रालयात. पुण्याच्या एका कंपनीने फसव्या मेलला उत्तर दिल्यानंतर तिच्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रुपये गेले होते. मेलला उत्तर देण्याची चूक असूनही बँकेच्या सुरक्षेतील उणिवा पाहून २०१३ मध्ये सचिवांनी बँकेला ४५ लाख देण्याचा आदेश दिला. तुमच्या खात्यातून एरवी होत नाहीत असे मोठे व्यवहार लागोपाठ झाले का, नवीन लाभार्थी जोडल्याबरोबर पैसे गेले का, सूचना वेळेवर आली का, हे अर्जात क्रमाने लिहा. ९६,००० साठीही ही खटपट करण्यासारखी आहे.

प्रश्न: मी न्यू जर्सीत, आई-बाबा डोंबिवलीत. इथून त्यांच्यासाठी काय करून ठेवता येईल? — एक मुलगी

उत्तर: पुढच्या भेटीत एक दुपार राखून ठेवा. ज्या खात्यात पेन्शन किंवा ठेवी आहेत त्यावर नेट बँकिंग लागत नसेल तर बंदच करा. यूपीआयसाठी वेगळे खाते उघडून त्यात महिन्याला लागेल एवढीच रक्कम ठेवा. बँकेच्या ॲपमधून परदेशी आणि ऑनलाइन कार्ड व्यवहारांच्या मर्यादा खाली आणा. त्यांच्या मेल खात्याला पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने चालणारी डिजिटल किल्ली) लावा: ती ठरावीक संकेतस्थळाशीच बांधलेली असते, हुबेहूब दिसणाऱ्या पानावर ती चालतच नाही, त्यामुळे चुकून द्यायला काही हातात उरत नाही. फोनमधला पासवर्ड मॅनेजरही सुरू करा आणि त्यांना एक सांगा: नेहमीच्या पानावर पासवर्ड आपोआप भरला गेला नाही तर तो हाताने भरू नका, आधी मला फोन करा. त्यांच्या संगणकावर विंडोजमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दाखवण्याची खूण करून द्या. मग ‘वीजबिल डॉट पीडीएफ’ दिसणाऱ्या फाइलच्या शेवटचे ‘डॉट ईएक्सई’ लपून राहणार नाही.

आणि रात्री-अपरात्री फोन आला तरी वैतागू नका. डोंबिवलीत सकाळी दहाला मेल येतो तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असते. शेजारचा किंवा नात्यातला एक जण त्या वेळेसाठी ठरवून ठेवा आणि त्याचा क्रमांक १९३० च्या शेजारीच, मोठ्या अक्षरांत, फ्रिजवर लावा.